दोन एकरवाल्या शेतकऱ्यात घातलेला पैसा खरंच वाया जातो?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: दोन-चार एकरवाल्यावर सरकारने कितीही पैसा घातला तरी वाया जातो. छोटं रान पिकत नाही, अनुदानांनी काही बदललं नाही, माणसं शहरात जाऊ द्यावीत, जमिनी कंपन्यांनी कसाव्यात, आणि भुकेला रेशन आहेच. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली माणसंही हे पुढे ढकलतात, याचं वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘छोटं रान पिकत नाही.’ जगात दोन हेक्टरांहून लहान शेतांकडे एकूण शेतजमिनीपैकी जेमतेम 12 टक्के जमीन आहे, आणि जगाचं साधारण 35 टक्के अन्न तिथून येतं असा अलीकडचा अंदाज आहे. (70 टक्क्यांचा जो आकडा आपल्या बाजूचे लोक सांगतात तो फुगवलेला आहे, वापरू नये.) लहान शेतात एकरी उत्पादन जास्त दिसतं, याकडे अमर्त्य सेन यांनी 1962 मध्येच लक्ष वेधलं होतं. घरचे हात खुरपणीत कसूर करत नाहीत. पण एवढ्याने घर चालत नाही, हेही खरं. 2018-19 च्या राष्ट्रीय पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये निघालं; त्यात पिकांचे 3,798 आणि मजुरीचे 4,063.

‘अनुदानं देऊन काही बदललं नाही.’ इथे मदत आणि गुंतवणूक यांची गल्लत केली आहे. कर्जमाफी किंवा वर्षाला 6,000 रुपयांचा सन्मान निधी ही मदत झाली. अडल्या वेळी ती हवीच, पण तिने रानात पाणी येत नाही. गुंतवणूक बघायची तर पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या वाड्या, म्हणजे आदिवासी कुटुंबांनी लावलेल्या छोट्या फळबागा, बघाव्यात. वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी 1992-93 मध्ये राज्य हादरलं, तोच हा भाग. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि होळीपर्यंत विहिरी तळाला. भात-नागली घरात आली की दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. उचल बहुतेकांनी आधीच घेतलेली असते. मुलंही सोबत जातात.

बाएफ या ग्रामविकासात काम करणाऱ्या संस्थेने 1982 साली गुजरातेत वांसद्याला सुरू केलेला वाडीचा प्रयोग पुढे इकडे आला, आणि नंतर नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने आदिवासी विकास निधीतून तो अनेक राज्यांत नेला. एकरभर वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीत आंबा-काजूची पन्नास-साठ कलमं, बांधावर शेवगा, करवंद, बांबू, ओळींमध्ये नागली, वरई, भाजी. कागदावर सोपं दिसतं. कसोटी लागते ती पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत. फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्या कोवळ्या कलमांना पाणी कोण घालणार? घर वीटभट्टीवर गेलं की कलम गेलंच. म्हणून खड्डे, कुंपण, राखण या कामांची मजुरी सुरुवातीला त्याच कुटुंबाला द्यावी लागते, आणि वाडीच्या जवळ पाणी आणावं लागतं. फळाला तीन-चार वर्षं जातात. रोपं वाटून हात झटकले तर ती वाळणारच, आणि मग वाळलेल्या वाडीचा फोटो मेसेजला पुरावा म्हणून मिळतो. दोष शेतकऱ्याचा नसतो. खर्च अर्ध्यावर सोडलेला असतो.

‘शहरात जाऊ द्या.’ ज्याला जायचंय त्याला कुणी अडवू नये. पण शहर सामावून घेतंय का? देशातल्या कामगारांपैकी शेतीवर असलेले 2018-19 मध्ये 42.5 टक्के होते, 2023-24 मध्ये 46.1. म्हणजे करोनात गावी परतलेल्यांची लाट ओसरल्यावरही तोवर हा आकडा पूर्वीच्या पातळीवर आला नव्हता. शेतीतून होणारी वाढ गरिबी हटवायला इतर क्षेत्रांतल्या वाढीपेक्षा किमान दुप्पट कामाची ठरते, असं जागतिक बँकेनेच 2008 च्या अहवालात म्हटलंय.

‘रेशन आहेच.’ आहे, आणि राहिलंच पाहिजे. पण माणशी महिना पाच किलो तांदूळ-गव्हाने बाळाची वाढ होत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याआधीच्या पाहणीत 34.4 होती. डाळ, भाजी, अंडी, दूध ताटात यायचं तर ते परसात पिकायला हवं किंवा विकत घ्यायला हातात पैसा हवा.

राहिला ‘जमिनी कंपन्यांनी कसाव्यात’ हा मुद्दा. छोट्यांच्या हातून काही काढून न घेताही उत्पादन वाढतं, हे दुधात दिसलंय. 1970-71 मध्ये देशात सुमारे 2.2 कोटी टन दूध होतं, 2022-23 मध्ये 23 कोटी टनांवर गेलं. ते वाढवलं मुख्यतः दोन-चार जनावरंवाल्यांनी, कुणाचा गोठा ताब्यात न घेता. पैसा गेला संकलन केंद्रं, शीतकरण, फॅट मोजणी, जनावरांचे डॉक्टर आणि ठरल्या दिवशी मिळणारं बिल यांत. काजूला, नागलीला, भाजीला अशी गावातली खरेदी बहुतेक ठिकाणी अजून नाही. आमदार-खासदारांकडे मागायचं असेल तर आधी ती मागा, आणि तिच्यासोबत उन्हाळ्यात टिकणारं पाणी.