न वाचता केलेली सही

"रेकॉर्ड कंपन्यांना शिव्या घालायच्या आणि तेच गाणं कंपनीमार्फत विकायचं, हा शुद्ध दुटप्पीपणा," निखिल म्हणाला आणि रील बिग फिश या बँडच्या 'सेल आउट' (म्हणजे पैशासाठी विकलं जाणं) या गाण्यावरून कट्टा पेटला. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतंच. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतला हा बँड, तेव्हा सात जणांचा. 1995चा पहिला अल्बम त्यांनी स्वतःच काढला, पुढचा 1996मध्ये मोजो रेकॉर्ड्स या कंपनीकडून आला. त्याचं नाव 'टर्न द रेडिओ ऑफ', आणि त्यातलंच हे गाणं 1997मध्ये अमेरिकेतल्या रेडिओंनी उचलून धरलं.

"पण शिव्या नेमक्या कुणाला आहेत ते ऐक," सायलीनं त्याला अडवलं. "गाण्यात फास्ट फूडच्या दुकानात राबणारा पोरगा आहे. एक मुलगी त्याला बजावते, आज त्या रेकॉर्ड कंपनीच्या कागदावर सही करू नकोस. तोवर सही झालेली असते. पुढे तो कबूल करतो की काय वाचलं, समोरचे काय बोलले, काहीच आठवत नाही. कंपनीवर तर टीका आहेच, पण जास्त बोचतं ते त्याचं हे नीट न वाचणं."

त्या कागदात काय असतं, ते अभिजितनं टिश्यू पेपरवर मांडून दाखवलं. आकडे समजण्यापुरते धरलेले. आगाऊ रक्कम आणि रेकॉर्डिंगचा खर्च मिळून 1,00,000 डॉलर. सीडी 10 डॉलरची, बँडचा वाटा 12 टक्के, म्हणजे नगामागे 1.20. आगाऊ रक्कम म्हणजे बक्षीस नव्हे. ती या 1.20मधूनच वळती होते, त्यामुळे 83,334 प्रती खपेपर्यंत बँडचं खातं उणेच राहतं. तोवर दुकानांत सव्वाआठ लाखांहून जास्त डॉलरचा माल विकला गेलेला असतो. पुढच्या 10,000 प्रतींचे 12,000 डॉलर येतात, त्यातून मॅनेजरचे 15 टक्के वजा, उरलेल्याचे सात वाटे. माणशी 1,457.

"आणि एवढं फिटल्यावरही मूळ रेकॉर्डिंगची मालकी बहुतेक करारांत कंपनीकडेच राहते," अभिजित म्हणाला. "सही करण्याआधी विचारायचं ते हेच."

मंदारला मात्र शब्दांपेक्षा वाजवण्यातलं मर्म मोठं वाटतं, आणि माझंही मत त्याच्याच बाजूचं. अशा गाण्याच्या कडव्यात गिटार स्वच्छ असते. "एक-आणि-दोन-आणि" मोजायचं आणि फक्त "आणि"वर खालून वर झटका द्यायचा, तोही बारीक तीन-चार तारांवर. कॉर्ड बार धरूनच, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबूनच घ्यायची, कारण मोकळी तार वाजत राहते. झटका बसला की डाव्या हाताची बोटं लगेच सैल करायची, पण तारांवरून उचलायची नाहीत. सैल करायला उशीर झाला तर "छक्"चं "छाऽऽ" होतं आणि उड्या मारणारी लय पाय ओढत चालायला लागते.

ध्रुपदाला गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल पायानं दाबलं जातं, जाड तारांवर पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांची दणकट कॉर्ड) येते, आणि पैसे मिळणार, सगळं ठीक होणार, ही ओळ सगळे मिळून छाती फुगवून गातात. आवाज मोठा होतो तो नेमका खोट्या आश्वासनावर. उपहास इथे आहे. ऐकणाराही हात वर करून गातो आणि त्या पोरासारखाच फसतो. गाणं कानाला कडू असतं तर हे जमलंच नसतं.

म्हणून कडव्यातून ध्रुपदात जायचा हा सांधा निसटू द्यायचा नाही. पेडल अर्धी मात्रा उशिरा पडलं तर ध्रुपदाची पहिलीच कॉर्ड फुसकी निघते. उपाय सोपा: कडव्याची शेवटची मात्रा गिटारनं सोडायची, ती ड्रमरनं भरायची, तेवढ्यात पाय पेडलवर. गेन, म्हणजे ही खरखर, वाटते त्यापेक्षा कमी ठेवायची, नाहीतर ट्रम्पेट-ट्रोम्बोन गुदमरतात. त्या अल्बमवर दोन ट्रम्पेट आणि दोन ट्रोम्बोन आहेत. ते दबले तर ही वरात कसली?

"कंपनीला पैसे मिळाले ते मिळालेच," निखिल हटला नाही.

"मिळाले. पण हे गाणं ऐकून एखाद्यानं कागद नीट वाचला तर?" सायली.

एव्हाना मंदार पट्टीवर आला होता. गिटारवाल्यांना ई पट्टी सोयीची, पण बी फ्लॅट ट्रम्पेटवर लिहिलेला सूर एक पूर्ण सूर खाली वाजतो, म्हणून ट्रम्पेटवाल्याला तेच एफ शार्पमध्ये वाजवावं लागतं. सहा शार्प (चढे सूर), वेगात बोटं अडखळतात. एफ घेतली तर त्याला जी मिळते, एकच शार्प. ट्रोम्बोनवाला आहे तेच सूर वाचतो. गिटारवर सगळ्या कॉर्ड बार धरलेल्या आहेत, तेव्हा हात फक्त एक पडदा पुढे सरकवायचा. गाणाऱ्याला अर्धा सूर वर जावं लागतं, म्हणून ध्रुपदातला सगळ्यात वरचा सूर त्याच्याकडून आधी गाऊन घ्यायचा.