बीएस्सीला बैजिक भूमिती लावताय? पुस्तक असं निवडा

कॉलेज स्वायत्त झालंय, टीवायला बैजिक भूमितीचा (बहुपदी समीकरणांतून निघणाऱ्या आकृत्यांच्या गणिताचा) पेपर घातलाय आणि सोमवारपर्यंत पुस्तकांची यादी द्यायचीय? घाबरू नका. मागच्याच आठवड्यात सोलापुरातल्या अशा एका बैठकीत शेंगापोळी खाऊन आलोय. अनुभवाचं सांगतो.

यादी करताना पुस्तक उघडायचं नाही.

नावातच 'अंडरग्रॅज्युएट' असेल तर आधी काट मारा. माइल्स रीड यांचं १९८८ चं तसलंच. एवढंसं, शांकवांपासून सुरू होतं, मग त्रिघाती वक्र. मी सुचवलं तर आमचे ज्येष्ठ हसले. "फार सोपं आहे हो, लोक काय म्हणतील?"

फुल्टन यांचं 'अल्जिब्राइक कर्व्ह्ज' तर नकोच. लेखकानं स्वतःच मोफत ठेवलंय. बिल नाही म्हणजे खरेदी नाही, मार्च एंडला काय दाखवणार?

कॉक्स-लिटल-ओशे या तिघांच्या पुस्तकात संगणकावर ग्रोबनर बेसिस, म्हणजे समीकरणांचा हाताळायला सोपा संच, काढायला लावतात. लॅबची किल्ली कुणाकडे असते, ठाऊकच आहे.

याच विषयातले आपले मोठे गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर, त्यांचं नाव भाषणात घ्यायचं, छाती फुगवून. शास्त्रज्ञ-इंजिनिअरांसाठी त्यांनी लिहिलेलं १९९० चं पुस्तक यादीत घ्यायचं नाही.

मग राहिलं काय? हार्टशॉर्न यांचं 'अल्जिब्राइक जॉमेट्री'! १९७७ चं, पिवळं, पाचशेच्या घरातली पानं. टेबलावर आपटलं की बैठक गप्प. दुसऱ्या प्रकरणात स्कीम, तिसऱ्यात कोहोमॉलॉजी (दोन्ही अतिशय अमूर्त कल्पना), आणि वक्र थेट चौथ्यात. कम्युटेटिव्ह अल्जिब्रा, म्हणजे या विषयाचा बीजगणिती पाया, येतोच असं धरलेलं. अडलं तर त्यावरचं अतिया-मॅकडोनल्ड यांचं पुस्तक बघा. आमच्या पोरांनी त्यातला अगदी पहिल्या पायरीचा 'आयडियल' हा शब्द आदल्या सेमिस्टरला पहिल्यांदा ऐकलेला! गेल्या वर्षी हेच लावलं होतं. अक्कलकोटहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी विचारते, "सर, ही स्कीम कुठली? फॉर्म कधी सुटतात?" वर्ग हसला, मीही हसलो. आता आठवलं की तोंड कडू होतं. कारण त्याच मुलीनं आलेखाच्या कागदावर 'वाय वर्ग बरोबर एक्स घन अधिक एक्स वर्ग' काढून आणलेलं, पेन्सिलीनं, आरंभबिंदूपाशी सुरेख पीळ पडलेला. "सर, इथं स्पर्शिका दोन येतात का?"

दोनच येतात, बाई. तोच तर विषय. पण ते पोर्शनमध्ये नव्हतं. नंतर तिनं वीस रुपयांच्या झेरॉक्स नोट्स पाठ केल्या, पास झाली आणि गणित सोडलं.

आता स्पष्टच बोलतो. तुम्हाला पोरांना शिकवायचं नाहीये, यादी भारी दिसायला हवीय. ज्या पुस्तकातली पाच उदाहरणं तुम्ही स्वतः सोडवली नाहीत, ते एकोणीस वर्षांच्या पोरीच्या माथी मारता? लायब्ररीतली ती एकुलती प्रत काढून बघा एकदा. पहिल्या प्रकरणाला शेंगाचटणीचे तेलकट डाग आहेत. दुसऱ्यापासून पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.