एनएचएलची टीम थर्मामीटर बघून हलवत नाहीत

कॅनडातल्या चुलत भावाने फॅमिली ग्रुपवर एक पोस्ट टाकलीय, नंतर ती अजून दोन ग्रुपवर दिसली. म्हणे एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची मोठी लीग, वाळवंटात नि समुद्रकिनारी टिकतच नाही, ॲरिझोनाची टीम बुडाली, ॲटलांटाची दोनदा बुडाली, तिथली पोरं खेळतही नाहीत, तेव्हा गरम शहरांतल्या टीम उचला आणि कॅनडात क्यूबेक सिटीला न्या. फिनिक्सजवळ राहणारा माझा भाचा हॉकी खेळतो, त्याने ते वाचून विचारलं, मामा, मग इथे परत टीम येणारच नाही का? म्हणून लिहितोय.

अरे, मोजक्या मॅचेस सोडल्या तर सगळं बंद स्टेडियममध्ये चालतं. काँक्रीटखालच्या पाइपांतून थंडगार मिठाचं पाणी फिरवून जेमतेम इंचभर बर्फ जमवतात, टोरंटोतही तसाच आणि टँपातही तसाच. फायनल जूनमध्ये असते, तेव्हा टोरंटोत काय बर्फ पडतो का? २०२० ते २०२५ मधले सहापैकी पाच स्टॅनली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, टँपा, वेगास आणि फ्लोरिडा या गरम भागातल्या टीमनी नेलेत, कॅनडातल्या टीमचा शेवटचा कप १९९३ चा.

आता ॲरिझोना, कारण सगळ्यात जास्त खोटं तिथेच पसरवलंय. २००३ ला तिथल्या टीमला, म्हणजे कायोटीजना, ग्लेनडेलला नेलं, फिनिक्सच्या पार पश्चिमेला, आणि तिकिटं घेणारे बरेच लोक पूर्वेला स्कॉट्सडेलकडे, ऑफिस सुटल्यावर ट्रॅफिकमधून ते पोचणार कधी? २००९ ला दिवाळखोरी, मग लीगनेच टीम ताब्यात घेतली, २०२१ ला ग्लेनडेलने करार वाढवायला नकार दिला, शेवटचे दोन सीझन कॉलेजच्या पाचेक हजार सीटच्या रिंकवर काढले, फिनिक्सजवळच्या टेंपीत कचरा डेपोच्या जागेवर स्टेडियम बांधायचं ठरत होतं तेही मे २०२३ मध्ये लोकांनी मतदानात पाडलं, आणि २०२४ ला टीम सॉल्ट लेक सिटीला गेली. यात ऊन कुठे आलं? जागा आणि मालक, एवढंच कारण आहे.

पोरं खेळत नाहीत म्हणे! ऑस्टन मॅथ्यूज स्कॉट्सडेलला कायोटीजच्या मॅचेस बघत वाढला, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सगळ्यात पहिला निवडला गेला, २०२४ ला टोरंटोने त्याला कॅप्टन केलं. ज्या टीमचा झेंडा भाऊ गाडीला लावतो त्याच टीमचा.

ॲटलांटाचं मान्य, खुर्च्या रिकाम्या असायच्या. पण तिथली दुसरी टीम थ्रॅशर्स ११ सीझनमध्ये एकदाच प्लेऑफला, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांत गेली, तिथे एकही मॅच जिंकली नाही, वर मालक आपसात कोर्टात भांडत होते. कोण येणार बघायला?

आणि थंडीनेच टीम टिकते तर कॅनडातल्या विनिपेगचं सांगा. १९९६ ला तिथलीच टीम ॲरिझोनाला गेली होती. २०११ ला दुसरी मिळाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे मालक मार्क चिपमन स्वतः म्हणाले की सीझन तिकिटं साधारण १३,००० वरून ९,५०० वर आलीत, हे असंच चालू राहिलं तर परवडणार नाही. विनिपेगपेक्षा थंड शहर लीगमध्ये शोधून दाखवा.

क्यूबेकचा हक्क मीही मानतो, २०१५ पासून १८,००० सीटचं स्टेडियम एनएचएलची वाट बघतंय. त्यांना नवीन टीम द्या, दुसऱ्याची ओढून नको. आणि फिनिक्समध्ये पूर्वेकडे जागा आणि पैसेवाला धड मालक मिळाला की तिथेही द्या.