‘दुधाचे दात पडणारच आहेत’ म्हणणाऱ्या काकूंना उत्तर

नमस्कार काकू, बाळांच्या दातांना लागणाऱ्या किडीवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण मुलगा मध्येच उठला म्हणून आज लिहितेय. तुमचं म्हणणं असं, की तुम्ही तीन मुलं वाढवली, कुणाच्या हिरड्या कधी पुसल्या नाहीत, दात येताना टाकणखार भाजून त्याची लाही मधात कालवून हिरड्यांवर चोळली की झालं, तिघांचेही दात छान आहेत, आणि दुधाचे दात शेवटी पडणारच, तर मी नवीन आयांना उगाच घाबरवतेय. शिवाय रात्री अंगावर पाजणाऱ्या आईलाच मी दोषी ठरवलं, हेही तुम्हाला खटकलं.

हे शेवटचं तुमचं अगदी बरोबर आहे. माझं ते वाक्य चुकलंच होतं, आज सकाळी बदललं. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणते, आणि पहिल्या वर्षात नुसत्या अंगावरच्या दुधाला कुणी दोष देत नाही. वर्षानंतर बाळ रात्रभर मागेल तेव्हा पितंय, दिवसा बिस्किटं, गोड खीर चालू आहे आणि तोंड कुणी साफ करत नाही, असं सगळं जमून आलं की कीड लागायचा धोका वाढतो. त्यासाठी झोपायच्या आधी दात साफ करायचे, पाजणं थांबवायचं नाही.

पण ‘पडणारच आहेत’ हे मला मान्य नाही काकू, कारण हेच वाक्य ऐकून मी सहा महिने गप्प बसले होते. माझा मुलगा चौदा महिन्यांचा असताना वरच्या पटाशीच्या दातांवर हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसली, मला वाटलं दूध वाळलंय. एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले दुधाचे आहेत, पडतील. तो रात्री बाटलीतून साखर घातलेलं दूध पीत झोपायचा, ती सवय तशीच चालू राहिली, आणि विसाव्या महिन्यात ते चारही दात तपकिरी होऊन कडेने तुटायला लागले. गार पाणी लागलं की रडायचा. दुसऱ्या दंतवैद्यांनी चांदीचं एक औषध लावून कीड थांबवली, त्याने किडलेला भाग काळा पडतो, तो आजही तसाच आहे. वरचेच दात का गेले तर दूध पिताना खालच्या दातांवर जीभ असते आणि तिथे लाळही जास्त, वरचे मात्र रात्रभर गोड दुधात भिजतात. झोपेत लाळ कमी होते म्हणून रात्रीची बाटली सगळ्यात वाईट.

आणि सगळे दात काही सहाव्या-सातव्या वर्षी पडत नाहीत ना. पुढचे पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, पोर त्यांनीच भाकरी चावतं आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात. दाढ किडून लवकर काढावी लागली तर बाजूचे दात त्या जागेत सरकतात आणि नवा वेडावाकडा येतो, मुळाशी पू झाला तर खालच्या दातालाही बाधू शकतो.

आता टाकणखार. काकू, हे मात्र हात जोडून सांगते, नका देऊ. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, बोरॉनचा एक क्षार, लाही केली तरी त्यातलं बोरॉन कुठे जात नाही आणि बाळाच्या अंगात ते साठत जातं. ब्रिटनमध्येही चोखणीला मध-बोरॅक्स लावून द्यायची पद्धत होती, आणि १९८३ साली तिथल्या एका वैद्यकीय मासिकात डॉक्टरांनी अशा सात बाळांची नोंद केली ज्यांना त्यातून झटके येत होते, ते बंद केल्यावर झटके थांबले. मधाचंही तेच, वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नको, त्यातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो, म्हणजे बाळाचे स्नायूच ढिले पडतात. हिरड्या शिवशिवत असतील तर स्वच्छ ओलं फडकं फ्रीजमध्ये गार करून चघळायला द्या, नाहीतर हात धुवून बोटाने हळू चोळा. खूप ताप किंवा जुलाब असतील तर ‘दात येतायत’ म्हणून बसू नका, डॉक्टरांना दाखवा, दातांमुळे लाळ गळते, चिडचिड होते, पण जुलाब होत नाहीत.

तुमच्या मुलांचे दात चांगले राहिले यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तेव्हा घरात नाचणीची पेज, मऊ भात होता, आता दर दोन तासांनी हातात बिस्किट असतं. साखर किती याबरोबरच दिवसातून किती वेळा, यानेही दातांना खूप फरक पडतो.

पेस्टमधल्या फ्लोराइडला, म्हणजे दात किडण्यापासून वाचवणाऱ्या घटकाला, तुम्ही विष म्हणालात. जास्त झालं तर त्रास होतोच, चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातून तो झालाय, तिथे राहत असाल तर आधी दंतवैद्यांना विचारा. बाकी ठिकाणी पहिला दात आला की मऊ ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. एवढीशी पेस्ट गिळली गेली तरी घाबरायचं कारण नाही. दात यायच्या आधी मलमलचं ओलं फडकं बोटाला गुंडाळून हिरड्या पुसल्या तरी पुरे.

नातू अकरा महिन्यांचा आहे म्हणालात ना? मग आज दुपारी उजेडात बसून त्याचं डोकं मांडीवर घ्या आणि वरचा ओठ अलगद उचलून बघा. पुसल्यावरही न जाणारी पांढरी रेघ दिसली तर याच आठवड्यात दाखवून घ्या, तेवढ्यावर असताना ती पेस्टने आणि खाण्यातल्या बदलाने मागे फिरू शकते. काय दिसलं ते इथे नक्की लिहा, मी वाट बघतेय.