खुलासा: गोळ्या स्ट्रिपमधून काढून बरणीत भरू नका

‘औषधांचा पसारा नको? सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून काढा, लेबल लावलेल्या काचेच्या बरण्यांत भरा,’ असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे. छापलेली मुदत बंद स्ट्रिपमधल्या गोळीची असते. फॉइल दमट हवा अडवतं. बरणी उघडली की ती आत शिरते. पावसाळ्यात तर गोळ्या मऊ पडतात, त्यांवर डाग येतात. बॅच नंबर जातो तो वेगळाच. आणि बीपीची पांढरी गोळी थायरॉइडच्या पांढऱ्या गोळीत मिसळली, तर ओळखणार कशी?

टापटीप हवीच. स्ट्रिपा डब्यात उभ्या लावा, कापताना मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत राखा. सात कप्प्यांच्या डबीत आठवड्यापुरत्याच गोळ्या भरा, त्याही केमिस्टला विचारून. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.