आठवत नाही, म्हणजे घडलं नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

लहानपणीचा छळ आणि मोठेपणीची स्मृती या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. तुमच्या पिढीने घरी-शाळेत भरपूर मार खाल्ला, तरी कुणाची स्मरणशक्ती गेली नाही. छळाने मेंदूचा भाग आकसतो, हे मी सिद्ध झाल्यासारखं लिहिलं. आणि असे लेख वाचून लोक नसलेल्या आठवणी उकरतात, म्हाताऱ्या आईवडिलांवर आरोप करतात.

दुसरा आक्षेप मान्य. ब्रेम्नर यांच्या १९९७च्या अभ्यासात लहानपणी छळ सोसलेल्या, पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार) असलेल्या १७ जणांचा डावा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी निगडित भाग, सरासरी १२ टक्के लहान भरला होता. तेवढंच सांगून मी थांबले, ते चुकलं. २००२ मध्ये व्हिएतनाम युद्धातले सैनिक आणि त्यांचे जुळे भाऊ तपासले गेले. तीव्र पीटीएसडी असलेल्या सैनिकांच्या, युद्धावर कधीच न गेलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस जवळपास तितकाच लहान निघाला. म्हणजे तो आधीपासूनच लहान असू शकतो. छळ झाला की स्मरणशक्ती जातेच, असं म्हणायला आधार नाही. मूळ लेखात ही दुरुस्ती करते आहे.

तिसऱ्या आक्षेपातली भीतीही खरी आहे. लॉफ्टस आणि पिकरेल यांच्या १९९५च्या प्रयोगात २४ जणांना सांगितलं गेलं, की लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात. तसं घडलेलं नव्हतं, तरी सुमारे पाव जणांना ते थोडंफार 'आठवलं'. म्हणून 'आठवत नाही, म्हणजे नक्की काहीतरी घडलं असणार' असं सांगणाऱ्या समुपदेशकापासून लांबच राहावं.

पण तुम्ही पुढे लिहिलंत, 'खरंच घडलं असतं तर आठवलं असतं.' इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. लिंडा विल्यम्स यांनी १९९४ मध्ये १२९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याची त्यांची रुग्णालयात नोंद होती. सतरा वर्षांनी बोलतं केलं, तेव्हा ३८ टक्के स्त्रियांनी त्या प्रसंगाचा उल्लेखही केला नाही. काहींनी सांगणं टाळलं असेल, हे धरूनही आकडा लहान नाही. २०१९ मध्ये १६ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात बालपणी छळाची नोंद झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी मोठेपणी तो सांगितला नाही.

मला याहून महत्त्वाची वाटते ती आठवणीची घडण. कायकेन आणि ब्रुइन यांनी १९९५ मध्ये नैराश्य असलेल्या स्त्रियांना एकेक शब्द देऊन त्यावरून एकच ठरावीक प्रसंग सांगायला लावला. लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रिया इतरांपेक्षा जास्त वेळा मोघम बोलल्या. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हे तितकं ठळक दिसलं नाही, पण मराठीत ते कानाला लगेच कळतं. 'आम्ही सुट्टीत आजोळी जायचो' ही मोघम आठवण. 'आजी आंब्याची अढी लावत होती आणि मी तिच्यावर पडले' हा प्रसंग. काहींचं अख्खं बालपण 'जायचो, असायचं, मारायचे' यातच उरतं, एक दिवस असा हाताला लागत नाही.

माझा मोठा भाऊ असंच बोलतो. 'बाबा मारायचे', बस. पट्ट्याचा आवाज, मोरीच्या दाराशी सांडलेली बादली, हे सगळं मला दिसतं, मार त्याला बसला होता. वर्षानुवर्षं मी त्याला 'तुला आठवतच कसं नाही?' असं टोचत राहिले. तुमच्या वाक्यातही मला तोच सूर ऐकू आला, म्हणून इतकं लांब लिहिलं.

घरच्यांनी मग काय करावं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आठवायला लावू नये आणि रिकाम्या जागा आपण भरू नयेत, असं मला वाटतं. गेल्या दिवाळीत भावाने आपणहून विचारलं, 'त्या दिवशी नक्की काय झालं होतं गं?' मी जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेवढंच सांगितलं. त्याने बराच वेळ ऐकलं, मग म्हणाला, 'बादली निळी होती का?' निळीच होती.