“काही करत नाही तो” हे पाहुण्याला द्यायचे उत्तर नव्हे

फाटकाची कडी वाजते, कुत्रा धावत जाऊन येणाऱ्याच्या छातीवर पंजे टेकतो आणि घरधनी सोप्यातूनच हाक देतात, “या, या, घाबरू नका, काही करत नाही तो.” बेळगावच्या टिळकवाडीतल्या बंगल्यांपासून वडगावातल्या वाड्यांपर्यंत, खानापुरात आणि निपाणीतही मी हे वाक्य ऐकले आहे. माझे मत असे आहे की, ज्या घरात ते पुन्हा पुन्हा म्हणावे लागते त्या घरात कुत्र्याला शिकवण्याचे काम झालेलेच नाही. शिवाय घाबरू नये ही जबाबदारी पाहुण्याची, असा त्यातून निघणारा अर्थ मला अजिबात पटत नाही.

“काही करत नाही” याचा अर्थ घरच्यांच्या मते “चावत नाही” एवढाच असतो. पाहुण्याची काळजी मात्र दातांपुरती नसते. आपल्या देशात रेबीजची भीती खरी आहे आणि उडी मारणाऱ्या कुत्र्याचे नख सहज लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार रक्त न आलेला ओरखडाही दुसऱ्या श्रेणीत धरला जातो आणि त्यासाठी लस सुचवली जाते. रक्त आले तर तिसरी श्रेणी होते आणि लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे, द्यावे लागते. आपल्या कुत्र्याला वेळच्या वेळी लस दिलेली असेलही, परंतु दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती त्याचे लसीकरणाचे कार्ड नसते. ओरखडा आलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुणे आणि डॉक्टरांकडे जाणे हे करायचेच, मग त्याला कोणी भित्रा म्हटले तरी चालेल. आजारपणातून उठलेली मावशी तोल जाऊन पडली तर काय होईल, याचाही विचार घरच्यांनीच करायचा असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तांबड्या चिखलाचे पंजे घेऊन पैठणीकडे झेपावणाऱ्या कुत्र्याविषयी मी काही लिहिण्याची आवश्यकता नाही. काकू, मामी, वहिनी यांना विचारावे.

कुत्रा उडी का मारतो, हे समजून घेतले तर निम्मा राग ओसरतो. पिल्ले मोठ्या कुत्र्यांचे तोंड चाटून त्यांचे स्वागत करतात आणि माणसाचे तोंड उंचावर असल्यामुळे तेथे पोचण्यासाठी उडी मारावी लागते. दोन महिन्यांचे पिल्लू असे करते तेव्हा सगळे घर त्याला उचलून घेते. तेच पिल्लू वाढून तीस किलोचा लॅब्राडॉर झाला आणि त्याने तेच केले, की त्याच्या वळणाविषयी बोलले जाते. त्याने काही नवे केलेले नसते; आपण मात्र नियम बदललेला असतो आणि तो त्याला कोणी सांगितलेला नसतो.

त्यात भर म्हणजे आपण त्याला थांबवण्यासाठी जे करतो त्यातले बरेचसे त्याला बक्षिसासारखेच वाटते. “ए, खाली! खाली म्हटलं ना!” असे ओरडणे, हातांनी ढकलणे, डोळ्यांत डोळे घालून दटावणे, या सर्वांतून त्याला हवे असलेले लक्ष मिळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झालेली आहे, की अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसावर पोसलेली सवय नियमित बक्षिसाच्या सवयीपेक्षा अधिक चिवट असते. म्हणून घरातल्या सर्वांनी पाठ फिरवली आणि एखाद्या पाहुण्याने “असू दे हो, मला आवडतात कुत्री” म्हणत त्याला कवटाळले, तर त्या एका मिठीच्या आशेवर तो पुढच्या कितीतरी पाहुण्यांवर उड्या मारतो. कुत्र्यांना घाबरणाऱ्या पाहुण्यापेक्षा कुत्र्यांवर प्रेम करणारा पाहुणा या कामात जास्त आडवा येतो, असे मी जाणीवपूर्वक म्हणतो.

छातीवर गुडघा मारावा, मागच्या पायाच्या बोटांवर पाय द्यावा, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवावी, असे सल्ले आजही वडीलधाऱ्यांकडून मिळतात आणि त्यामागे “कुत्र्याला मालक कोण ते कळले पाहिजे” अशी समजूत असते. तिचे मूळ प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. ते लांडगे बंदिवासात एकत्र ठेवलेले होते आणि त्यांच्यात सत्तेसाठी झगडे चालत. मोकळ्या रानातल्या लांडग्यांचा कळप बहुधा आई, वडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते, हे लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये सविस्तर मांडले आणि सत्तेसाठी चाललेल्या झगड्याची ती कल्पना मागे पडली. आपल्या गल्लीत ती अजून पोचायची आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही गुडघ्याचा उपाय घातक आहे, कारण पाहुणा आला की दुखते एवढेच कुत्रा त्यातून शिकतो, आणि गुरगुरल्याबद्दलही मार मिळाला तर पुढे इशारा न देता चावणारा कुत्रा तयार होऊ शकतो.

म्हणून “उडी मारू नकोस” असे शिकवण्यापेक्षा “त्या वेळी काय कर” हे शिकवावे. बसलेल्या कुत्र्याला उडी मारता येत नाही, हे इतके साधे आहे की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. प्रथम घरात कोणी पाहुणा नसताना त्याला एका चटईवर जाऊन बसण्याची सवय लावावी आणि बूड टेकताक्षणी, म्हणजे खरोखरच सेकंदभराच्या आत, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यावा. मग दारावरची बेल हा विषय वेगळा काढावा, कारण पाहुणा दिसण्यापूर्वीच कुत्र्याचे अंग त्या आवाजाने तापलेले असते. घरातल्याच कोणी बाहेर जाऊन बेल वाजवावी, कोणीही आत येऊ नये आणि कुत्र्याला चटईवर तुकडा मिळावा. बेल म्हणजे दाराकडे धाव हा संबंध सुटून बेल म्हणजे चटई हा संबंध जुळेपर्यंत याला पर्याय नाही. हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तो गाळून थेट पाहुण्यावर प्रयोग करतात; तेथेच सगळे बिघडते.

पुढे घरातला माणूस, मग ओळखीचे शेजारी, मग क्वचित येणारे, अशी चढती पायरी ठेवावी. कुत्र्याच्या गळपट्ट्याला दोरी असावी आणि ती एकाने धरावी. पाहुण्याने सावकाश यावे; पुढचे पंजे उचलले गेले की काही न बोलता पाठ फिरवून दोन पावले मागे जावे, चारही पाय जमिनीवर आले की पुन्हा पुढे यावे आणि बाजूने वाकून छातीला हळूच खाजवावे. सुरुवातीला कुत्रा अधिक जोराने उड्या मारील, भुंकेल, कुंईकुंई करील, कारण आजवर चाललेली युक्ती चालत नाही असे पाहून तो ती आणखी जोर लावून करून पाहतो. “याच्यात काही फरक पडत नाही” असे म्हणून घरे नेमकी याच टप्प्यावर माघार घेतात, आणि मग वाढलेल्या जोरालाही फळ मिळते हा धडा कुत्रा कायमचा घेतो.

आपल्या भागातली एक अडचण वेगळी आहे. आजी “बस” म्हणते, शेतावरचा गडी “कुंद्रु” म्हणतो आणि यूट्यूब पाहिलेली नातवंडे “सिट” म्हणतात. कुत्र्याला कन्नड, मराठी, इंग्रजी सारखेच. परंतु एका कृतीसाठी सर्वांनी एकच खूण ठरवणे आवश्यक आहे, आणि तळहात वर उचलण्याची हाताची खूण त्यासाठी सर्वांत सोयीची, कारण पाहुण्याशी बोलत असतानाही ती करता येते.

पाहुण्यांनाही आधी फोनवर सांगावे, की आल्यावर कुत्र्याकडे पाहू नका, तो बसला की मगच बोला. फाटकावरची “नायि इदे, एच्चरिके” (कुत्रा आहे, सावधान) ही कन्नड पाटी पोस्टमनला सावध करते, पण काय करावे ते सांगत नाही. खाऊ देण्याविषयीही स्पष्ट बोलावे. बेळगावचा माणूस घरात कुंदा असताना कुत्र्याला उपाशी कसा ठेवील, हे मला समजते. तरीही गोड नको, आणि शिऱ्यातली मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण घातलेले पदार्थ तर मुळीच नकोत, कारण ते कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

शेतवस्तीवरच्या मंडळींचा आक्षेप मी नेहमी ऐकतो, की असा सभ्य झालेला कुत्रा राखण काय करणार. कुत्र्याने भुंकून वर्दी द्यावी, घरच्यांनी “पुरे” म्हणून पुढची सूत्रे हाती घ्यावीत आणि दार आपण उघडले की त्याने चटईवर जावे, यात राखणीला कोठेही बाध येत नाही. त्याऐवजी दिवसभर आखूड साखळीला बांधून परड्यात तापट केलेला कुत्रा राखणदार नसतो. अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे, आणि प्राण्याच्या बाबतीत केलेल्या निष्काळजीपणामुळे माणसाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली मालक जबाबदार धरला जातो.

मुधोळ कुत्र्याचा येथे वेगळा उल्लेख करतो, कारण शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातून, घोरपड्यांच्या जुन्या संस्थानी गावातून आलेली ही जात आपल्याकडे अनेकांनी हौसेने पाळली आहे. टपाल खात्याने 2005 मध्ये तिच्यावर तिकीट काढले आणि पुढे लष्करानेही तिची चाचणी घेतली, याचा अभिमान जरूर असावा. परंतु नजरेने शिकार हेरणारी ही जात स्वभावाने अलिप्त असते आणि परक्याचा हात तिला सहसा आवडत नाही. अशा कुत्र्याकडून लॅब्राडॉरसारखे लाघव मागू नये. तो दूर बसून पाहत राहिला, हेच त्याचे सभ्य स्वागत आहे. पाहुण्यांना कौतुक दाखवण्यासाठी त्याला “शेकहँड” करायला लावण्याची हौस तर पूर्णपणे सोडावी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा गणपतीच्या दिवसांत माणसांची रीघ लागते, तेव्हा शिकवणीचा आग्रह धरू नये. त्या दिवशी सकाळी त्याला लांब फिरवून आणावे आणि आतल्या खोलीत पाणी, अंथरूण व चघळायला काहीतरी देऊन ठेवावे. शिजवलेले हाड मात्र देऊ नये, त्याच्या चिरफळ्या आतड्यात रुततात. गर्दी ओसरल्यावर, राहिलेल्या दोन-चार जणींची हरकत नसेल तरच, त्याला दोरीवर बाहेर आणावे आणि कोणी नको म्हटले तर आतच राहू द्यावे.